केसाळ पेशी, हिरवी गाठ आणि औषध झालेला सोमल

जयपूरच्या जोहरी बाजारात पाचूचा व्यापारी खडा चिमटीत धरतो, डोळ्याला भिंग लावतो आणि आधी दोष शोधतो. खऱ्या पाचूच्या पोटात बारीक रेघा असतात, ठिपके असतात, भेगा असतात. काचेत सापडले तर हवेचे बुडबुडे. दोष कसा आहे त्यावरून खडा कोणता ते ठरतं. तिथून थोड्या अंतरावर सवाई मानसिंह रुग्णालय आहे. त्याच्या जोडीचं वैद्यकीय महाविद्यालय 1947 साली सुरू झालं आणि जगप्रसिद्ध ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय 1968 मध्ये इथेच जन्माला आला. इथल्या प्रयोगशाळेत काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरतात, रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्याच जोहरी नजरेनं त्यातल्या पेशी एकेक करून पाहतो.

रक्ताचा कर्करोग म्हणजे एकच आजार नव्हे. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा ही मोठी घराणी. त्यांच्या पोटात शंभराहून जास्त प्रकार. त्यातले काही इतके विरळा की डॉक्टरला अख्ख्या कारकिर्दीत मोजकेच रुग्ण दिसतात. आणि यातली सर्वांत आनंदाची गोष्ट आधीच सांगून टाकते: विरळा म्हणजे असाध्य, असं मुळीच नाही. ज्यांचं निदान सर्वांत अवघड, त्यातलेच काही उपचारांना सर्वांत छान दाद देतात. अट एकच, नाव अचूक कळलं पाहिजे.

पेशीला केस फुटतात

‘हेअरी सेल ल्युकेमिया’ हे नाव चेष्टेतलं वाटतं, पण मायक्रोस्कोपखाली या पेशींच्या कडेला खरोखरच केसांसारखे बारीक तंतू दिसतात. 1958 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत डॉ. बर्था बोरोन्क्ल यांनी हा आजार स्वतंत्र म्हणून मांडला. बाई मूळच्या पेरू देशातल्या. सगळ्या ल्युकेमियांत याचा वाटा जेमतेम दोन टक्के, आणि पुरुषांत तो बायकांपेक्षा चार-पाच पट जास्त.

पकडायचा कसा? पहिली खूण पोटात: पानथरी सुजलेली. दुसरी खूण साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत: मोनोसाइट नावाच्या पेशी जवळजवळ गायब. तिसरी खूण तर डॉक्टरच्या हाताला जाणवते. कंबरेच्या हाडात सुई घालून बोनमॅरो ओढायला जावं, तर सिरिंजमध्ये काहीच येत नाही! पेशींभोवती तंतूंचं जाळं विणलेलं असतं, म्हणून मॅरो बाहेर निघत नाही. याला ‘ड्राय टॅप’ म्हणतात. मग हाडाचा छोटा तुकडाच काढून तपासतात.

2011 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी या पेशींच्या जनुकांत डोकावून पाहिलं, आणि तपासलेल्या सगळ्याच रुग्णांत बीआरएएफ नावाच्या जनुकात तोच एक बदल सापडला. हाच बदल मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातही असतो. त्वचा कुठे, रक्त कुठे! पण त्यामुळे मेलानोमासाठी बनलेली गोळी हट्टी हेअरी सेललाही लागू पडली. पहिल्या फळीचं औषध त्याच्याही आधीपासून होतं. 1990 मध्ये क्लॅड्रिबिनचा सात दिवसांचा एकच कोर्स बारा रुग्णांना दिला गेला आणि त्यातल्या अकरा जणांचा आजार पूर्ण ओसरला.

सोमलाची उलटी कथा

जुन्या गोष्टींत राजाला मारायला दुधात सोमल कालवतात. राजस्थानात त्याला संखिया म्हणतात. आज हाच आर्सेनिक एका भयंकर ल्युकेमियाचा सर्वांत भरवशाचा इलाज आहे, आणि मला या यादीतली सर्वांत थरारक गोष्ट हीच वाटते.

आजाराचं नाव ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एपीएमएल’. 1957 मध्ये नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी त्याचं वर्णन केलं. रुग्ण येतो तो हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे-काळे डाग, प्लेटलेट घसरलेल्या अशा अवस्थेत. पांढऱ्या पेशी बरेचदा वाढलेल्या नसतात, उलट कमीच असतात. आता हाच रुग्ण सप्टेंबर-ऑक्टोबरात आला, तर घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द कोणता? डेंग्यू. जयपूर असो की पुणे, त्या दिवसांत तसं वाटणं अगदी साहजिक आहे. खरं काय ते स्लाइड सांगते. पेशींच्या आत लालसर काड्या दिसतात, कधी कधी त्यांची मोळीच बांधलेली असते. या काड्यांना ‘ऑअर रॉड’ म्हणतात. जॉन ऑअर यांनी 1906 मध्ये त्यांची नोंद केली.

इथे घाई जीव वाचवते. एरवी कर्करोगाचा उपचार पक्क्या रिपोर्टशिवाय सुरू होत नाही. एपीएमएलमध्ये मात्र नुसत्या संशयावरही ‘ॲट्रा’ची कॅप्सूल ताबडतोब सुरू करतात, कारण मेंदूत रक्तस्राव व्हायला काही तासही पुरतात. ॲट्रा म्हणजे अ जीवनसत्त्वाचाच एक भाऊबंद. शांघायचे डॉ. वांग झेनयी यांनी तो 1985 मध्ये एका लहान मुलीला दिला, ती बरी झाली, आणि 1988 मध्ये 24 रुग्णांचा अनुभव त्यांनी जगापुढे ठेवला. हे औषध कर्करोगाची पेशी मारत नाही, तिला वयात आणतं! बालपणातच अडकून पडलेली पेशी पिकते, आणि मग रीतसर मरते.

दुसरीकडे उत्तर चीनमधल्या हार्बिनमध्ये 1970च्या दशकात डॉ. झांग टिंगडोंग आर्सेनिकवर काम करत होते. पुढे दोन्ही औषधं एकत्र आली. 2013 मध्ये इटली-जर्मनीच्या अभ्यासात कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांना नेहमीची केमो न देता फक्त ॲट्रा आणि आर्सेनिक दिलं, तर दोन वर्षं आजाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण 97 टक्के निघालं. आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं तर नुसत्या आर्सेनिकवर बऱ्या झालेल्या रुग्णांचा अनुभव 2006 मध्येच छापला होता. चित्रपट दिग्दर्शक अनुराग बसू यांना 2004 मध्ये हाच आजार झाला होता. ‘बर्फी’ त्यांनी त्यानंतर केला, 2012 मध्ये.

(एक कळकळीची सूचना: सोमल हे आजही जहाल विषच आहे. रुग्णालयात, मोजून, हृदयाचा आलेख बघत दिलेलं आर्सेनिक वेगळं आणि कुणा वैद्यानं पुडीत बांधून दिलेलं भस्म वेगळं.)

जेवणाच्या टेबलावरची कात्री

1960 मध्ये फिलाडेल्फियातल्या पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींत एक चिमुकलं गुणसूत्र दिसलं. कर्करोगाची जनुकीय खूण सापडण्याची ती पहिली वेळ. पण ते इतकं लहान का? उत्तर शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी शोधलं. त्या गुणसूत्रांचे फोटो घरी आणत, जेवणाच्या टेबलावर कात्रीनं कापत आणि जोड्या लावत. मुलं म्हणत, आई कागदी बाहुल्या खेळतेय! 1973 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांनी एकमेकांचे तुकडे अदलाबदल केलेले असतात. वर सांगितलेल्या एपीएमएलमधली 15 आणि 17ची अदलाबदलही त्यांच्याच चमूनं 1977 मध्ये उघड केली.

सीएमएलमधल्या 9 आणि 22च्या जोडणीवर नेम धरून बनलेली गोळी, इमॅटिनिब, 2001 मध्ये बाजारात आली. भारतात ‘ग्लिवेक’ या नावानं ती महिन्याला एक लाख वीस हजार रुपयांच्या आसपास पडायची. भारतीय कंपन्यांची तीच गोळी त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘ग्लिवेक’ बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली. सीएमएलचे रुग्ण आज रोज गोळी घेऊन नोकरी करतात, नातवंडं खेळवतात. पुष्कळांचं निदान तर अपघातानंच होतं: विम्यासाठी किंवा ऑपरेशनआधी सीबीसी करावी, आणि पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या जागी दीड-दोन लाख!

डोळ्यामागची हिरवी गाठ

मुलाचा एक डोळा पुढे आलाय म्हणून आईवडील डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात. डोळ्यात काहीच बिघाड नसतो. डोळ्यामागे गाठ असते, आणि ती गाठ असते ल्युकेमियाच्या पेशींची. ताजी कापली तर तिचा रंग चक्क हिरवट दिसू शकतो. म्हणून तिला ‘क्लोरोमा’ म्हणतात. रंग येतो मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइममुळे, आणि हवा लागली की तो उडून जातो. स्कॉटलंडच्या ॲलन बर्न्स यांनी 1811 मध्येच अशी गाठ नोंदवली होती, ‘ल्युकेमिया’ हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी. कधी कधी गाठ आधी येते आणि रक्तात आजार नंतर उतरतो. अशा वेळी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहून चालत नाही. गाठीचा तुकडाच तपासावा लागतो.

आंघोळीनंतरची खाज

गरम पाण्यानं आंघोळ केली आणि अंगभर अशी खाज सुटली की टॉवेलही नको वाटतो, पण अंगावर पुरळ एकही नाही. साबण बदलतात, तेल बदलतात, पाण्यात कडुनिंब घालतात. चेहरा लालबुंद, तळहात लाल, बोटांची आग. हे ‘पॉलिसायथिमिया व्हेरा’ असू शकतं. यात तांबड्या पेशींचं इतकं पीक येतं की रक्त दाट होतं. पॅरिसच्या वाकेझ यांनी 1892 मध्ये आणि विल्यम ऑस्लर यांनी 1903 मध्ये याचं वर्णन केलं. 2005 मध्ये एकाच वर्षात चार वेगवेगळ्या गटांना जेएके2 या जनुकातला एकच बदल सापडला. आज एका रक्त तपासणीत तो कळतो आणि जवळजवळ प्रत्येक रुग्णात सापडतो.

उपचार ऐकून आजोबा खूश होतील: रक्त काढून टाकणं! पूर्वी शिरा तोडून रक्त वाहवायचे, ती पद्धत बाकी बहुतेक आजारांतून हद्दपार झाली, इथे मात्र टिकली. आणि खाजेइतकाच बोलका ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत तळाशी बसण्याचा वेग. या आजारात तो शून्याच्या आसपास रेंगाळतो, तर मायलोमात शंभरही ओलांडू शकतो.

उकळलं की विरघळणारा पुरावा

1845, लंडन. एका व्यापाऱ्याची हाडं असह्य दुखत होती. त्याच्या लघवीची परीक्षानळी डॉक्टरांनी हेन्री बेन्स जोन्स या रसायनतज्ज्ञ डॉक्टरकडे पाठवली, सोबत चिठ्ठी: हे आहे तरी काय? नळी कोमट केली की लघवी गढूळ होई, उकळली की पुन्हा निवळे, आणि गार होताना परत साका धरी. अंड्याचा पांढरा भाग एकदा घट्ट झाला की झाला. हे प्रथिन मात्र वागायचं उलटं. मायलोमाच्या निदानातली ती पहिली रासायनिक खूण ठरली आणि ‘बेन्स जोन्स प्रोटीन’ हे नाव आजही रिपोर्टवर छापलेलं असतं.

मायलोमाच्या गोतावळ्यातला एक विरळा प्रकार ‘पोएम्स सिंड्रोम’. पायांना मुंग्या, बधिरपणा, त्वचा काळवंडणं, नखं पांढरी पडणं. मुंग्या म्हटलं की मधुमेहाकडे बोट जातं, आणि खरं कारण हाडातल्या एखाद्या लहानशा गाठीत दडून बसलेलं असतं.

गजकर्ण नव्हे

कमरेखाली, नितंबांवर, जिथे ऊन पोचत नाही अशा जागी लालसर चट्टे. गजकर्ण समजून मलम, इसब समजून दुसरं मलम, मग सोरायसिस. वर्षं जातात. पॅरिसच्या अलिबेर यांनी 1806 मध्ये वर्णन केलेला ‘मायकोसिस फंगॉइड्स’ असाच वेषांतर करून येतो. हा त्वचेत राहणारा लिम्फोमा आहे, बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. सुरुवातीच्या टप्प्यात त्याच्यावर अतिनील प्रकाशाचा उपचारही चालतो. त्याचाच जहाल नातेवाईक ‘सेझरी सिंड्रोम’. त्यात सगळी कातडी लाल होते आणि रक्तातल्या पेशींचं केंद्रक मेंदूसारखं वळकट्यांचं दिसतं. मलमानं न जाणाऱ्या चट्ट्याची बायोप्सी करायला लाजू नये, आणि एकदा काही निघालं नाही तर दुसऱ्यांदा करायलाही.

लपाछपीत पहिला नंबर

‘इंट्राव्हॅस्क्युलर लिम्फोमा’ला गाठच येत नाही. पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतच दडून बसतात. स्कॅन चांगला, गाठी नाहीत, ताप मात्र जात नाही, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम चढलेलं, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. डॉक्टर अशा वेळी काय करतात? अंगावर काहीही दिसत नसताना, अगदी निरोगी भासणाऱ्या कातडीचे दोन-तीन तुकडे घेतात. आणि पुष्कळदा तिथेच तो सापडतो.

आला तसा गेला

डाउन सिंड्रोम असलेल्या काही नवजात बाळांच्या रक्तात ल्युकेमियाच्या हुबेहूब पेशी दिसतात. स्लाइड पाहून कुणीही दचकेल. आणि दोन-तीन महिन्यांत बहुतेक बाळांत त्या आपोआप नाहीशा होतात! कारण जीएटीए1 या जनुकातला एक बदल, जो बाळ पोटात असतानाच होतो. यातल्या थोड्या मुलांना पुढे चार वर्षांच्या आत खरा ल्युकेमिया होऊ शकतो, म्हणून त्यांच्या तपासण्या चालू ठेवतात.

पॅथॉलॉजीचा चटकदार शब्दकोश

एका दमात: हेअरी सेलची बायोप्सी म्हणजे ‘फ्राइड एग’. हॉजकिन लिम्फोमाच्या एका प्रकारात ‘पॉपकॉर्न सेल’, बाकीच्यांत घुबडाच्या डोळ्यांसारख्या रीड-स्टर्नबर्ग पेशी. बर्किट लिम्फोमात ‘तारांकित आकाश’. जपानच्या क्यूशू बेटावर जास्त आढळणाऱ्या, विषाणूमुळे होणाऱ्या ल्युकेमियात ‘फ्लॉवर सेल’. मायलोफायब्रोसिसमध्ये तांबड्या पेशी अश्रूच्या आकाराच्या. मायलोमात त्याच पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक. सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात पेशी इतक्या नाजूक की स्लाइड ओढतानाच फुटून डाग पडतात, आणि ते डागसुद्धा निदानाला उपयोगी पडतात.

मशीन कुठे फसतं

सीबीसीचं मशीन मिनिटाभरात हजारो पेशी मोजतं, पण त्यालाही चकवे बसतात. प्लेटलेट वीस हजार आल्या म्हणून घर हादरतं, आणि स्लाइडवर दिसतं की प्लेटलेट भरपूर आहेत, फक्त जांभळ्या बुचाच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे त्यांचे गठ्ठे झालेत! निळ्या बुचाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की आकडा सरळ येतो.

याहून गमतीचं: पांढऱ्या पेशी काही लाखांत गेल्या असतील तर नळीतल्या रक्तातली साखर त्या पेशीच फस्त करतात. रिपोर्ट येतो ‘शुगर धोकादायक कमी’, आणि रुग्ण समोर ठणठणीत बसून गप्पा मारत असतो.

‘मिली’ला इंजेक्शन पुरलं असतं

हृषीकेश मुखर्जींनी रुपेरी पडद्यावर रक्ताचे दोन आजार अजरामर केले. ‘आनंद’मधला (1971) आतड्याचा लिम्फोसार्कोमा, आज त्याला लिम्फोमा म्हणतात आणि त्यातल्या अनेक प्रकारांवर नेमके उपचार आहेत. आणि ‘मिली’मधला (1975) पर्निशियस ॲनिमिया. तो कर्करोग नव्हेच! आतड्याला बी12 शोषता येत नाही म्हणून होणारा तो आजार. बी12 तर 1948 मध्येच वेगळं काढलं गेलं होतं आणि त्याची इंजेक्शनं तेव्हापासूनची.

सिनेमा सोडा, बी12ची कमतरता आजही मोठमोठ्यांना चकवते. तीन पिढ्यांच्या शाकाहारी घरातली व्यक्ती थकून येते. तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही घसरलेल्या. बोनमॅरोत ओबडधोबड, मोठाल्या पेशी. चित्र थेट ल्युकेमियाचं किंवा मायलोडिस्प्लासियाचं वाटतं. राजस्थानात शाकाहारी घरं भरपूर, महाराष्ट्रातही कमी नाहीत, म्हणून जाणता डॉक्टर मोठं नाव उच्चारण्याआधी बी12 आणि फोलेट बघतो. काही इंजेक्शनांत सगळं मार्गी लागलं, तर त्यासारखं सुख नाही.

आणि या फोलेटचा धागा थेट आपल्या मुंबईत येतो. 1928 मध्ये डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका भयंकर पंडुरोगानं दगावत होत्या. विल्स यांनी त्यांना मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, खाऊ घातला आणि रक्त भरून आलं. 1931 मध्ये त्यांनी ते छापलं. त्या अर्कातला गुण होता फोलेटचा. पुढे आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत आपल्या चमूसह फोलिक ॲसिड बनवलं. बोस्टनचे सिडनी फार्बर यांना वाटलं, फोलेट ल्युकेमियाच्या पेशींना खतपाणी घालतंय, तर ते अडवून पाहू. सुब्बारावांच्या चमूनं फोलेटचा प्रतिस्पर्धी ॲमिनॉप्टेरिन तयार केला, आणि 1948 मध्ये फार्बर यांनी छापलं: ल्युकेमियाच्या 16 मुलांपैकी 10 जणांना, तात्पुरता का होईना, उतार पडला. ल्युकेमियावर औषध चालतं हे तिथून सिद्ध झालं. मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांच्या रक्तापासून सुरू झालेला हा प्रवास आहे, आणि तो प्रत्येक मराठी मुलाला शाळेत शिकवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

त्याच मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय 1941 मध्ये उभं राहिलं. तिथे डॉ. वसंत खानोलकरांनी पॅथॉलॉजीचा पाया घातला आणि त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे घडल्या. ल्युकेमियाच्या अभ्यासासाठी प्राण्यांतली प्रारूपं त्यांनी तयार केली. 1983 मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी इथेच भारतातलं पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण केलं. लहानपणीच्या पोलिओमुळे ते व्हीलचेअरवर असतात.

टीबी की लिम्फोमा?

मानेला गाठ, संध्याकाळचा ताप, घाम, वजन उतरलेलं. आपल्या देशात पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तही आहे. पण गाठ न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की लिम्फोमाला महिनोन्‌महिने मोकळं रान मिळतं. सुईनं काढलेल्या चार पेशी टीबी दाखवू शकतात. लिम्फोमाचा नेमका प्रकार कळायला मात्र शक्यतो अख्खी गाठ काढावी लागते, कारण पेशी कशा मांडल्या आहेत तेही पाहायचं असतं.

आणि बायोप्सीआधी स्टेरॉइड घेऊ नका! स्टेरॉइडनं लिम्फोमाच्या पेशी भराभर विरघळतात. गाठ आक्रसते, ताप जातो, सगळे खूश होतात, आणि पुरावा पुसला जातो. काही आठवड्यांनी आजार दुप्पट जोमानं परततो.

पेशीचं आधारकार्ड

दिसायला सारख्या दोन पेशी वेगळ्या कशा काढायच्या? ‘फ्लो सायटोमेट्री’त पेशी एका रांगेत लेझरसमोरून जातात. त्यांच्या अंगावरच्या खुणांना क्रमांक आहेत: सीडी19, सीडी33, सीडी56, सीडी123. खुणांचा मेळ जुळला की पेशीचं कूळ कळतं. टाटा स्मारकाच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक केंद्रात डॉ. सुमीत गुजराल, डॉ. पी. जी. सुब्रमणियन, डॉ. प्रशांत टेंभरे यांच्या चमूनं हे शास्त्र भारतात रुजवलं. उपचारानंतर लाखभर पेशींत एखादी आजारी उरली असेल तरी ती यात पकडता येते.

क्रमांकाचा फायदा निदानापुरता नाही. सीडी19 ही खूण ओळखून हल्ला करणारी ‘नेक्सकार19’ ही स्वदेशी पेशी-उपचारपद्धती आयआयटी मुंबई, टाटा स्मारक आणि इम्युनोॲक्ट कंपनी यांनी मिळून घडवली. 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं.

नमुना मात्र जिवंत पोचायला हवा. जयपूरचा पारा मे-जूनमध्ये पंचेचाळिशीला टेकतो. अशा उन्हात कुरिअरच्या खोक्यात तापलेल्या पेशी मरतात आणि रिपोर्ट येतो ‘नमुना अयोग्य’. गुणसूत्रांच्या तपासणीला हिरव्या बुचाची हेपॅरिनची नळी लागते, जनुकांच्या पीसीआरला जांभळ्या बुचाची. बूच चुकलं तर सुई पुन्हा टोचावी लागते. नमुना घेणाऱ्या टेक्निशियनचं काम म्हणूनच डॉक्टरच्या कामाइतकं मोलाचं आहे.

आता तुमची पाळी

सगळ्या भारी तंत्राआधी उभी आहे ती सीबीसी आणि रंगवलेली स्लाइड. राजस्थान सरकारनं 2 ऑक्टोबर 2011 पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं आणि 7 एप्रिल 2013 पासून मोफत तपासण्या सुरू केल्या. गरिबाच्या रक्ताची स्लाइड कुणीतरी पाहील याची ती मोठी सोय आहे, आणि ती प्रत्येक राज्यात असायला हवी.

तुमच्यापुरतं एवढं करा. जुन्या सीबीसी फेकू नका, तारखेनुसार एका फायलीत लावा. पेशी कधीपासून चढायला किंवा उतरायला लागल्या हे डॉक्टरला त्यावरून कळतं. आकडे विचित्र आले तर विचारा, ‘पेरिफेरल स्मिअर, म्हणजे रक्ताची स्लाइड, कुणी डोळ्यांनी पाहिलीय का?’ दुसऱ्या शहरात मत घ्यायला जाताना नुसते रिपोर्ट नकोत, मूळ स्लाइड आणि बायोप्सीचे मेणाचे ब्लॉकही सोबत न्या. ते मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. आणि कुणाच्या रिपोर्टवर कधीही न ऐकलेलं लांबलचक नाव दिसलं, तर आशा सोडण्याआधी रक्तविकारतज्ज्ञाला गाठा.